डब्याची दवंडी

"ऐका हो ऐकाऽऽ! उद्या दिवस कासराभर वर आला की शाळंम्होरं देवीची लस टोचणार हायेत होऽऽ! लेकरं कणगीआड दडवू नका होऽऽ!"

मसाजीचा हा आवाज ज्यानं लहानपणी ऐकला, त्याचा दंड अजूनही ठणकतो. आधी हलगीचा कडकडाट, मग मारुतीच्या पारावरून वेशीपर्यंत पसरत जाणारी ती हाक. बाजार बदलला, ओढ्याला पाणी आलं, कुणाची शेळी चुकली, सरकारी बिऱ्हाड येणार, सगळं आमच्या करंजवाडीला मसाजीच्या तोंडून कळायचं. बोरीपासून कोसभरावर आमची वाडी. एवढ्याशा वाडीला आवाज तेवढा मोठा होता.

दवंडी त्याच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मोबदला म्हणजे सुगीला सुपभर जोंधळे, आणि तेही पाटलाच्या पायरीखाली पदर पसरून घ्यायचे. मसाजी गेल्यावर हलगी त्याच्या लेकाच्या, लिंबाजीच्या गळ्यात आली. मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, आणि आमच्या वाडीनंही त्या साली तोंड काळं करून घेतलं. खालच्या आळीतली घरं जळाली. लिंबाजीचंही जळालं. राखेतून त्यानं दोनच वस्तू उचलल्या, एक म्हातारीची पितळी परात आणि दुसरी ही हलगी. दुसऱ्या दिवशी पारावर येऊन उभ्या गावाला सांगितलं, "हलगी माझी हाय. आजपासून ती माझ्या मनानं वाजंल."

त्या दिवसापासून ती लग्नात वाजली, जयंतीच्या मिरवणुकीत वाजली, दूरच्या सोयऱ्याच्या लेकीच्या हळदीला वाजली. हुकमानं वाजली नाही. गावाला हळूहळू दवंडीवाचून राहायची सवय झाली. ज्याला जे सांगायचं ते तो पिठाच्या गिरणीत सांगायचा.

त्याच करंजवाडीत, वेशीला लागून, बोरीच्या रस्त्यावर झुंबरबाईचं घर आहे. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रा. दार निळं. निळा रंगच का, म्हणून कुणी विचारलं तर ती हसून म्हणायची, "दुकानात तोच उरला व्हता."

झुंबरबाई आणि तिचा नवरा चंद्रभान दर साली दिवाळी झाली की गाडीबैल घेऊन ऊसतोडीला जात. तोडीचा पैसा नवरा-बायको मिळून एका कोयत्याचा असतो, आणि तो चंद्रभानच्या मुठीत यायचा. चंद्रभान मनाचा गोड माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत. पण बैल म्हटलं की वेडा. घुंगरमाळा, आरशाच्या झुली, शिंगांना पितळी शेंब्या. त्याचे बैल नवरदेवासारखे चालायचे आणि घरातली माणसं वऱ्हाडासारखी मागून.

झुंबरबाईनं मग दुसरी वाट काढली. ऊस तोडला की वर हिरवं वाढं उरतं. त्याच्या पेंढ्या बांधून बाया फडाच्या कडेला ढोरंवाल्यांना विकतात. हा पैसा बाईचा. तो ती लुगड्याच्या गाठीत ठेवायची. बोरीच्या लहानशा घरबांधणी संस्थेनं कर्ज मंजूर केलं तेव्हा चंद्रभान तोडीवर होता आणि ती लेकराच्या आजारपणासाठी गावी आलेली. सचिवानं कागद तिच्याच नावाचे केले. घर गहाण, नाव तिचं. दर साली आखाजीच्या आसपास हप्ता भरायला ती बोरीला जायची. एकट्या सुनेनं पैसे घेऊन रस्त्यानं जायचं नाही, म्हणून सासू धुरपताबाई सोबत. पुढं सासू, मागं सून, मध्ये चार हात अंतर. पैसे मोजेपर्यंत धुरपताबाई संस्थेच्या बाकड्यावर बसायची आणि परतताना बोरीच्या बाजारात पावशेर जिलबी घेऊ द्यायची.

धुरपताबाईचा गळा मात्र जात्यावर सुटायचा. घर उभं राहिलं त्या पहिल्या पहाटे तिनं ओवी घातली, आणि शेजारपाजारच्या बायांनी ती उचलून धरली:

*पत्र्याच्या घरावरी । ऊन वाजे टणाटणा*
*लेकानं गं बांधीयलं । सांगते मी जणाजणा*

आणि खरोखरच ती जणाजणाला सांगायची. पाणवठ्यावर, बाजारात, आल्या-गेल्या भिकाऱ्याला. "माझ्या चंद्रभाननं बांधलं. हप्तं बी त्योच भरतो." शेजारची पारूबाई एकदा झुंबरबाईला कोपरानं ढोसून म्हणाली, "अगं, वाढ्याच्या पेंढ्या कुणी बांधल्या, बैलानं?" झुंबरबाई पदर तोंडाशी धरून हसली. "म्हनू द्या की. घर तर हायच ना."

घर आहे, तोवर कुणाचं नाव का असेना, असं तिचं मत.

हे मत हलायची वेळ त्या साली पौषाच्या तोंडाला आली. सासूचा पाय दुखावल्यानं त्या खेपेला झुंबरबाई मागं राहिली होती आणि चंद्रभान एकटाच बैल घेऊन तोडीवर गेला होता. जोंधळा नुकता पोटऱ्यातून बाहेर पडत होता. सकाळच्या एस्टीतून एक गोलमटोल माणूस उतरला, काखेत पिशवी, डोक्याला मफलर. निळ्या दाराशी थांबून त्यानं घसा साफ केला.

"झुंबरबाई चंद्रभान इथंच राहतात का? मी किशनराव. तालुक्याच्या घरबांधणी संस्थेचा वसुली अधिकारी."

"बोरीच्या?"

"बोरीची संस्था आता राहिली न्हाई, बाई. तिचं कर्ज, तिचं गहाण, सगळं आमच्या संस्थेत आलं."

"मंग बरं झालं की. या, च्या घ्या."

किशनरावांनी चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना अपराध्यासारखं बघितलं. "बाई, आमच्या वहीत तुमचा एकही हप्ता आलेला दिसत न्हाई. घर लिलावाला निघालंय. तारीख ठरलीय, आज कागद लावतोय."

झुंबरबाईनं आतून डबा आणला आणि पावत्या त्यांच्यापुढं पसरल्या. त्यांनी एकेक उलटून पाहिली. "सचिवाची सही हाय खरी. पण तो सचिव लेकाकडं पुण्याला गेला, अन् त्यानं पाठवलेल्या वहीत ह्या रकमा न्हाईत. आमची संस्था म्हणते, हा पैसा आमच्याकडं आलाच न्हाई. आता हे ठरवणं माझ्या हाती न्हाई. परभणीला सहकार खात्यात अर्ज करा."

झुंबरबाईनं त्याच दिवशी अर्ज धाडला. शाळेच्या गुरुजींनी लिहून दिला. खात्यानं चौकशीला यायचं कबूल केलं. पण त्यांची तारीख लिलावाच्या नंतरची.

 

घर आधी विकलं जाणार आणि खरं-खोटं नंतर ठरणार. संस्थेचा एक संचालक दत्तराव, बोरीचा खतवाला, या घरावर डोळा ठेवून आहे हे वाडीला माहीत होतं. रस्त्याला लागून, पक्का पत्रा, त्याच्या खताच्या पोत्यांना अगदी सोयीचं. खात्याचं पत्र आलं त्या दिवशी झुंबरबाईला पहिल्यांदाच स्वैपाक करताना मीठ टाकलं की नाही ते आठवेना.

लिलावाच्या आधी दोन रोज किशनराव पुन्हा आले. या खेपेला दत्तराव फटफटीवर मागोमाग. पारावर माणसं जमली.

"साहेब, लावा ना कागद अन् मोकळं व्हा," दत्तराव म्हणाला.

"कागद तर महिन्यापूर्वीच लावला. पण नियम तेवढ्यावर थांबत न्हाई. लिलावाच्या आधीचे दोन रोज अन् लिलावाच्या दिवशी गावात वाद्य वाजवून जाहीर करायचं. घर जाणाऱ्याला कळलं पाहिजे, घेणाऱ्यालाही कळलं पाहिजे. न्हाईतर चार आण्यात घर कुणाच्याही घशात जाईल, म्हणून सरकारनं घातलेली अट हाय ती. वाजलं न्हाई तर लिलाव न्हाई."

असं म्हणून किशनराव लिंबाजीच्या दारी गेले. लिंबाजी खाटेचा सुंभ आवळत बसला होता. झुंबरबाई विहिरीवर जाता जाता थबकली, घागर कमरेवरच.

"राम राम लिंबाजीराव. थोडी हलगी वाजवायची होती."

"लगीन हाय का कुनाचं?"

"न्हाई... लिलाव हाय. सरकारी भाव देतो वाजवायचा."

लिंबाजीनं सुंभ ओढून गाठ मारली. "साहेब, ज्याचं घर जळालंय त्याला तुमी घर गेल्याची दवंडी द्यायला सांगता व्हय?"

किशनरावांनी मफलर काढला. "चुकलं माझं." एवढंच बोलून ते वळले. मागून लिंबाजीची बायको म्हणाली, "च्या तर घेऊन जा की साहेब!" पण तोवर ते बोळ ओलांडून गेले होते. झुंबरबाई विहिरीकडं चालू लागली. घागर भरेपर्यंत तिनं दोनदा मागं वळून लिंबाजीच्या घराकडं पाहिलं.

मग शाळा. गुरुजी म्हणाले, लेझमाचा ढोल होता, पण त्याचं कातडं उंदरांनी प्रजासत्ताक दिनाआधीच खाल्लं. मग भजनी मंडळाचा पंडित.

"मृदंग देवाचा हाय साहेब," पंडित गंभीरपणे म्हणाला. "वाजवतो की. पन त्याची रीत हाय. आधी नमन, मग अभंग, मग गजर, मग तुमचा लिलाव, शेवटाला आरती. अन् प्रसाद तुमच्याकडं."

"किती वेळ लागेल?"

"आज एकादस न्हाई म्हनून बरं. न्हाईतर जागरच."

सगळा पार हसला. दत्तरावानंच ओरडून तोडगा काढला, "अहो, हलगीच पाहिजे असं कुठं लिवलंय? वाजलं म्हंजे झालं!" आणि किराणा दुकानातून गोड्या तेलाचा रिकामा डबा ओढून आणला. काठी कुणी देईना, तर स्वतःच्या फटफटीतला पाना काढून दिला.

किशनराव पारावर चढले. मफलर घट्ट केला, डबा काखेत धरला, आणि पान्यानं सारा जीव लावून बडवला.

आता शहरातल्या माणसाला यात काय चुकलं ते कळायचं नाही. पण पौषातल्या जोंधळ्याच्या गावात सकाळच्या वेळी डबा वाजला, तर त्याचा अर्थ एकच. भोरड्या. लालसर-काळ्या पाखरांचे ते ढग कुठून उठतात कुणास ठाऊक, पण एका शिवारात उतरले की कणसाला दाणा ठेवत नाहीत. म्हणून ज्याला पहिल्यांदा पाखरं दिसतील त्यानं डबा वाजवायचा, आणि ज्यानं तो ऐकला त्यानं आपला वाजवायचा. शेत कुणाचं, भांडण कुणाशी, हे त्या वेळी बघायचं नाही.

वेशीबाहेरच्या शेतात माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या पारूबाईनं किशनरावांचा डबा ऐकला. "पडल्या गं बायांनो, पडल्या!" म्हणत तिनं आपला डबा उचलला. तो पलीकडच्या मळ्यात गेला, तिथून ओढ्यापार. पारावरची माणसंही कानोसा घेऊन उठली, "आरं, पाखरं पडायलीत!" आणि धोतर खोचत शिवाराकडं धावली. कुणी ताट घेतलं, कुणी घमेलं. गुरुजींनी शाळेची घंटाच काढली. पंडितनं देवाचा विचार न करता मृदंगच गळ्यात अडकवला.

"अहो थांबा! ऐका! घर नंबर अमुक..." किशनराव ओरडत होते. त्यांचं तोंड हलताना दिसत होतं.

"लिलाव! लिलाव हाय!" दत्तराव बेंबीच्या देठापासून.

"हो हो, पाह्यल्या! खालच्या अंगाला हायेत!" असं धावता धावता कुणीतरी त्याला उत्तर दिलं.

शिवार असं दणाणलं की ओढ्याकाठच्या बाभळीवरचे बगळेसुद्धा उडाले. आणि गंमत म्हणजे दुपारून भोरड्या खरंच आल्या. शेजारच्या शिवारातून हाकलल्या असाव्यात. ढगासारख्या आल्या, आमच्या वाडीवर घिरटी घातली, खालचा तो कल्लोळ ऐकला आणि उतरायचं सोडून निघून गेल्या. एका कणसाला चोच लागली नाही. दिवसभर डबे थांबले नाहीत. किशनरावांनी दोनदा आपला डबा पुन्हा वाजवून पाहिला. दोन्ही वेळा त्यांना शाबासकीच मिळाली.

दिवस मावळायला टेकला तेव्हा पंचनामा करायला ते पारावर बसले. पंच म्हणून पंडित आणि पारूबाई.

"दवंडी ऐकली का?"

"डबा ऐकला," पंडित म्हणाला.

"अन् डब्यानंतर?"

"आनखी डबे ऐकले."

"पारूबाई, तुम्ही?"

"म्या तर तुमाला पाखरं राखायला आलेले साहेब समजले. लय बरं वाजवता बरं का."

किशनराव आधी ओठ दाबून बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते असे हसले की मफलरानं डोळे पुसावे लागले.

दत्तराव तापला. "लिवून टाका झाली म्हणून! उद्या मी बोरीचा बँडच आणतो."

"उद्याचा बँड उद्याच्या दिवसाला, दत्तराव. आजचा दिवस कुठून आणता?" किशनराव म्हणाले. "जे कुणी ऐकलंच न्हाई, ते झालं म्हणून मी लिहिणार न्हाई. आता पुन्हा नोटीस, पुन्हा महिन्याची मुदत." आणि त्यांनी खाली मान घालून लिहिलं, दवंडी झाली नाही. झुंबरबाईनं त्यांच्या पिशवीत हुरड्याची कणसं भरली. ते नको नको म्हणत होते आणि पिशवी मात्र उघडी धरून होते.

घराला महिन्याचा श्वास मिळाला. तेवढ्यात परभणीची चौकशी येणार होती. त्या संध्याकाळी झुंबरबाई सासूचा पाय शेकताना म्हणाली, "आत्याबाई, पावत्या हायेत, पन वहीत रक्कम न्हाई. पैशे भरताना पाह्यलेलं मानूस पायजे. दर साली बाकड्यावर तुमीच व्हता. एवढं सांगा साहेबाला."

धुरपताबाईनं पाय आखडून घेतला. "बघू," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही "बघू"च. जातं मुकं झालं. गावभर लेकाचं नाव सांगून बसलेली बाई. आता चारचौघांत दुसरं काही बोलावं, तर तोडीवरून येणाऱ्या लेकाची मान खाली जाते. झुंबरबाईला ते कळत होतं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. नुसती शेकत राहिली.

चौकशीला आल्या त्या एक बाई. सहकार खात्याच्या निरीक्षक, चष्मा, पायात बूट. वाडीनं बाई अधिकारी पहिल्यांदाच पाहिली. बाया कामं टाकून ओसरीपुढं जमल्या. किशनराव एका बाजूला, दत्तराव एका बाजूला. लिंबाजीही आला आणि ओसरीवर, सगळ्यांच्या बरोबरीनं टेकला.

निरीक्षक बाईंनी पावत्या पाहिल्या. "सही बनावट दिसत नाही. पैसे भरताना पाहिलेली एक साक्ष मिळाली, तर बोरीत भरलेला प्रत्येक हप्ता नव्या संस्थेला मान्य करावाच लागेल. कर्ज एका संस्थेकडून दुसरीकडं गेलं, म्हणून भरलेला पैसा बुडत नसतो."

दत्तराव याच क्षणाची वाट पाहत होता. "बाईसाहेब, अख्ख्या गावाला विचारा. चंद्रभानची माय स्वतः सांगते, हप्तं लेकानं भरलं. अन् गेल्या आखाजीला चंद्रभान माझ्या डोळ्यांदेखत जत्रंत घुंगरमाळा घ्यायला व्हता! दुकानदार साक्षीला हाय. म्हंजे त्यानं भरलं न्हाई. मग भरलं कुनी? कुनीच न्हाई!"

गर्दीत कुजबुज झाली. बोलणं बिनतोड होतं, आणि ते धुरपताबाईच्याच तोंडच्या शब्दांनी विणलेलं होतं. पारूबाईनं काही म्हणायला तोंड उघडलं, पण झुंबरबाईनं तिचा हात धरला.

निरीक्षक बाई दाराशी भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीकडं वळल्या. "आजी, तुम्ही सोबत असायच्या ना? खरं सांगा. लेकानं भरले का पैसे?"

धुरपताबाईनं सुनेकडं पाहिलं. सून जमिनीकडं पाहत होती. म्हातारीनं काठी टेकली, दुखऱ्या पायावर उभी राहिली, आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली,

"लिवा बाईसाहेब. लेकानं न्हाई भरलं. हिनं भरलं, माझ्या झुंबरनं. वाढ्याच्या पेंढ्या बांधून बांधून. पैशे मोजताना हिच्या बोटाला चिरा पडलेल्या मी दर साली पाह्यल्या, आन् घरी येऊन लेकाचं नाव सांगितलं. एकदा सुदीक ही मला न्हाई म्हनली न्हाई. लेक माझा गुनाचा हाय, पर घर हिचं हाय. मी सुनंच्या घरात ऱ्हाते, बाईसाहेब, आन् लय सुखानं ऱ्हाते."